नवी पाटी पुरेल काय?

गेल्या वर्षीं दहावीच्या गुणपत्रिका वांटण्याचें काम चालू असतां एक पालक शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभे राहिले. शहराच्या पूर्व भागांत यंत्रमागावर काम करणारे हे गृहस्थ, आणि त्यांची कन्या आमच्या शाळेंतून नुकतीच उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झालेली. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून त्यांनीं विचारलें, "सर, दोन वर्षें भिशी लावून बावीस हजार जमविले आहेत. पोरीला टॅब घ्यावा कीं लॅपटॉप? दुकानदार म्हणतो, आतां सगळें टॅबवरच होतें; लॅपटॉपचा जमाना गेला."

मीं त्यांना त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. "आठ दिवसांनीं या," एवढेंच सांगितलें. इतक्याशा प्रश्नाला आठ दिवस कशाला, असें त्यांना वाटलें असेल. परंतु हाच प्रश्न चार वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका पालकांनीं मला विचारला होता, आणि तेव्हां मीं उभ्या उभ्या उत्तर देऊन टाकलें होतें. "टॅबलेट घ्या, हलका, स्वस्त, आणि मुलीला वाचावयास सोयीचा," हे माझे शब्द मला आजहि आठवतात. अकरावी-बारावीचीं दोन वर्षें त्या मुलीनें त्या टॅबलेटवर खरोखरच मन लावून अभ्यास केला. पुढें तिनें संगणकशास्त्राच्या पदवीवर्गांत प्रवेश घेतला, आणि पहिल्याच महिन्यांत ध्यानांत आलें कीं, वर्गांत शिकविलेली आज्ञावली घरीं लिहून चालवून पाहावयाची, तर या यंत्राचा तिला फारसा उपयोग नाहीं. सत्र संपेपर्यंत ती संध्याकाळीं मैत्रिणीच्या घरीं जाऊन तिच्या लॅपटॉपवर काम करीत असे. मैत्रिणीचें काम आटोपेपर्यंत हिनें बाजूला बसून राहावयाचें. अखेर वडिलांनीं पतसंस्थेचें कर्ज काढून लॅपटॉप घेतला. त्या कुटुंबानें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, आणि म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनाला अधिक लागून राहिली आहे.

हा लेख लिहिण्याचें कारण हें. ज्यांच्या घरीं दोन्ही वस्तु येऊं शकतात त्यांनीं खुशाल पान उलटावें. परंतु ज्यांना रक्कम एकदांच उभी करतां येते, आणि आमच्या शाळेच्या पालकांत असेच पुष्कळ आहेत, त्यांना चुकीचा सौदा परवडत नाहीं.

प्रथम टॅबलेटच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें मोकळ्या मनानें म्हटलें पाहिजे. टॅबलेट या शब्दाचा मूळ अर्थच लहान पाटी असा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनीं दगडी पाटीवर अक्षर गिरविलें. ही कांचेची पाटी. वजन सुमारें अर्धा किलो, म्हणजे साधारण लॅपटॉपच्या एकतृतीयांश. कळ दाबतांच जागी होते. वीज गेली तरी दिवसभर साथ देते. आणि एका खोलीच्या घरांत, जेथें मेज मांडावयास जागा नाहीं, तेथें ती एका मुलाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत सहज जाते. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां पुष्कळ घरांत एकाच मोबाइलभोंवतीं तीन तीन भावंडें डोकीं एकत्र करून बसलेलीं मीं पाहिलीं आहेत. त्या दिवसांत एखाद्या घरीं टॅबलेट असला तर तें घर भाग्यवान समजलें जाई.

आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण घ्या. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ मध्यें शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेची इमारत गुरांचा गोठा व कोठार यांच्यामध्यें सांपडलेली, मोडकळीस आलेली. तेथें त्यांनीं पाठ्यपुस्तकांतील धड्यांना क्यूआर संकेतांची जोड दिली. चौकोनी ठिपक्यांच्या त्या चित्रावर यंत्राचा कॅमेरा धरला कीं कविता ऐकूं येते, चित्रफीत दिसते, प्रश्न सोडवितां येतात. ही कल्पना पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांनीं उचलली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजीं डिसले गुरुजींना दहा लक्ष डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली हें सर्वश्रुतच आहे. मला येथें सांगावयाचें तें एवढेंच कीं, पुस्तकाच्या पानावरील तो संकेत वाचावयास टॅबलेट किंवा मोबाइल हेंच योग्य साधन होय. लॅपटॉपच्या डोळ्यासमोर पुस्तक उलटें उचलून धरण्याची कसरत ज्यानें केली असेल त्याला याविषयीं अधिक सांगणें नलगे.

तेव्हां वाचणें, ऐकणें, पाहणें या तीन कामांत टॅबलेट लॅपटॉपहून उणा तर नाहींच, उलट सरसच आहे, हें मी मान्य करतों. माझा वाद चौथ्या कामाविषयीं आहे, आणि तें काम म्हणजे लिहिणें.

हा वाद यंत्र बनविणाऱ्यांच्याहि मनांत होता असें इतिहास पाहतां दिसतें. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन के यांनीं १९७२ मध्यें, मुलांसाठीं वहीएवढ्या आकाराचा संगणक कसा असावा याची कल्पना मांडली व तिला डायनाबुक असें नांव दिलें. त्या काळीं हातांत धरतां येईल असा संगणक कोठेंच नव्हता. ती केवळ कागदावरील कल्पना होती. परंतु त्यांच्या चित्रांतील त्या पाटीवर पडद्याच्या खालीं कळफलक आहे! मुलानें नुसतें पाहावें असें नव्हे, तर स्वतः कांहीं रचावें, हा त्यांचा हेतु. पुढें २७ जानेवारी २०१० रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें स्टीव्ह जॉब्ज यांनीं आयपॅड लोकांसमोर ठेवला, तेव्हां त्यांनीं त्याचें वर्णन फोन व लॅपटॉप यांच्या मधली तिसरी वस्तु असेंच केलें. टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल ही घोषणा मागाहून आली. २०१४ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपला सरफेस प्रो ३ नेमक्या याच शब्दांत विकावयास काढला. मात्र त्याचें कळफलकाचें आवरण निराळें विकत घ्यावें लागे. दुसऱ्या वर्षीं आलेल्या आयपॅड प्रोचीहि तीच कथा. कळफलक वेगळा, लेखणी वेगळी. म्हणजे पाटीनें पेटीची जागा घेतली खरी, पण पेटीचा अर्धा भाग उसना आणून! आणि पाटी, कळफलक व लेखणी यांची बेरीज केली तर चांगल्या लॅपटॉपची किंमत होते, किंबहुना त्याहून अधिकच. दुकानदार ही बेरीज सांगत नाहीं.

कोणी म्हणेल, कळफलक कांचेवरहि उमटतो. मग निराळा कशाला? त्यांनीं कांचेवर मराठीचें एक पान लिहून पाहावें. कळफलक उमटला कीं निम्मा पडदा त्याखालीं जातो, आणि आपण काय लिहिलें त्यांतल्या तीन-चार ओळीच डोळ्यांसमोर उरतात. निबंध लिहिणाऱ्याला मागचा परिच्छेद दिसला पाहिजे. तो दिसत नसला तर विचार तुटतो. शिवाय बोटांना कांचेवर कळ सांपडत नाहीं. खऱ्या कळफलकावर दोन्ही तर्जनींखालच्या कळांवर बारीक उंचवटा असतो, त्यावरून बोटें आपापलीं घरें न पाहतां ओळखतात. मराठीच्या इन्स्क्रिप्ट रचनेंत डाव्या हाताकडे स्वर व उजव्या हाताकडे व्यंजनें अशी सुबक वांटणी आहे. हात बसला म्हणजे दोन्ही हात हातमागाच्या धोट्यासारखे आळीपाळीनें चालतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेंत मिनिटास तीस किंवा चाळीस शब्द लिहावे लागतात, आणि लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेसाठीं तें प्रमाणपत्र मागतात. आमच्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी त्या प्रमाणपत्राच्या बळावर आज नोकरींत आहेत. कांचेवर बोट घासून तो वेग कोणाला आल्याचें मला तरी ठाऊक नाहीं.

"आतां लिहावयासच नको, नुसतें बोललें कीं यंत्र लिहितें," असेंहि एका विद्यार्थ्यानें मला ऐकविलें. खरें आहे, यंत्र हल्लीं मराठी बऱ्यापैकीं ऐकतें. परंतु ज्यांच्या घराच्या भिंतीपलीकडे सकाळपासून रात्रीपर्यंत माग खडखडत असतात, त्या मुलांनीं काय करावें? त्यांच्यापैकीं एकानें केलेला प्रयोग त्यानें मला दाखविला. शिवरायांवरील निबंध बोलून झाला होता, आणि कागदावर उमटलें होतें तें वाचून आम्ही दोघेहि पोट धरून हंसलों.

मागांचा उल्लेख आला म्हणून थोडें विषयांतर करतों. आपल्या सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जकार्ड यंत्रावर विणली जाते त्याचा संगणकाशीं रक्ताचा संबंध आहे. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यांनीं १८०४ च्या सुमारास भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांनीं मागाला नक्षी सांगण्याची युक्ति पूर्णत्वास नेली. भोंक असलें तर सुई आंत शिरते व धागा उचलला जातो, नसलें तर तो खालींच राहतो. हेंच भोंक आणि न-भोंक पाहून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनीं आपल्या गणनयंत्रास पुठ्ठ्यांवरून आज्ञा देण्याचें ठरविलें. म्हणजे पूर्व भागांतील ज्या मुलांचे आजोबा जकार्डचे पुठ्ठे ओवीत होते त्यांच्या घरांत संगणक परका म्हणून आलेला नाहीं. परंतु लक्षांत घ्या, पुठ्ठ्याला भोंक पाडणारा निराळा आणि चादर पांघरणारा निराळा. टॅबलेट हा बव्हंशीं पांघरणाऱ्याच्या सोयीचा आहे.

हें माझें मत अतिशयोक्तीचें वाटूं नये म्हणून महाविद्यालयांतील रोजचीं कामें पाहा. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली शिकावें लागतें. तें विंडोज असलेल्या संगणकावर चालतें. अभियांत्रिकीच्या मुलाला आराखडे काढावयाचे असतात, संगणकशास्त्राच्या मुलाला आज्ञावल्या लिहून त्यांतील चुका शोधावयाच्या असतात. एका बाजूला तक्ता, दुसऱ्या बाजूला पत्र, असें दोन्ही उघडें ठेवून काम करण्याची संवय कचेरींत पहिल्याच दिवशीं लागते. मीं स्वतः एकदां साठ मुलांचें निकालपत्रक टॅबलेटवर करण्याचा हट्ट धरला होता. बेरजेचा रकाना पाहूं जावें तों नांवाचा रकाना पडद्याबाहेर जाई, आणि अंगठ्याच्या एका चुकीच्या स्पर्शानें एका हुशार मुलीचे गणिताचे गुण तिच्या खालच्या मुलाला गेले. वेळींच ध्यानांत आलें म्हणून बरें! त्या रात्रीं मीं पुन्हां शाळेच्या संगणकाची वाट धरली.

देशांत व परदेशांत सरकारांनीं दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळच्या खैराट या लहानशा खेड्यांत २००७ मध्यें मुलांना लहान लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचा पडदा फिरवून मिटला म्हणजे त्याची पाटी होत असे, ही त्यांतील गंमत. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लींत आकाश नांवाचा स्वस्त टॅबलेट मोठ्या गाजावाजानें आला. किंमत खरोखरच गरिबाला झेपणारी, पण पडदा बोटानें दाबावा लागे व यंत्र मंद; स्वस्ताई एवढ्या एकाच गुणावर तें तगलें नाहीं. तामिळनाडूनें २०११ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप वांटले, हरियाणानें २०२२ मध्यें दहावी ते बारावीच्या सरकारी शाळांतील मुलांना टॅबलेट दिले. अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या शाळाखात्यानें २०१३ मध्यें आयपॅड वांटावयास घेतले, आणि पुढच्याच वर्षीं तेथील अनेक हायस्कुलांना त्याऐवजीं लॅपटॉप निवडण्याची मोकळीक द्यावी लागली. वरच्या वर्गांतील मुलांना लांब लिहावें लागतें, हें तेथेंहि दिसून आलें.

आणखी एक गोष्ट शिक्षक या नात्यानें सांगतों, मग ती कोणाला जुनाट वाटो. टॅबलेट अंथरुणांत येतो. लॅपटॉपला बसावें लागतें. मांडी घालून, पाट पुढें ओढून, पाठ ताठ करून बसणारा मुलगा निम्मा अभ्यास बसण्यानेंच करतो. पडल्या पडल्या हातांत धरलेल्या पाटीवर धडा केव्हां संपला व खेळ केव्हां सुरू झाला हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं. लॅपटॉपवर खेळ नसतात असें नाहीं, पण तेथें तो खेळतांना पकडला तरी जातो!

टिकाऊपणाचाहि विचार झाला पाहिजे. लॅपटॉपची बिजागरी सैल झाली, बॅटरी बसली, तर ती बदलून देणारे कारागीर आपल्या शहरांत आहेत. पांच-सहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपांतील फिरती चकती काढून नवी एसएसडी बसविली म्हणजे तो पुन्हां तरतरीत होतो. टॅबलेट डिंकानें चिकटविलेला असतो. तो उघडतांनाच कांच तडकण्याची भीति, आणि कांच तडकली तर दुरुस्तीचा खर्च ऐकून पालक नवाच घेण्याच्या गोष्टी करूं लागतात. शिवाय स्वस्त टॅबलेटला थोड्याच वर्षांत नव्या सुधारणा मिळेनाशा होतात, आणि एके दिवशीं हवें तें ॲप त्यावर चढतच नाहीं.

आठ दिवसांनीं ते गृहस्थ पुन्हां आले, या वेळीं कन्येसह. मीं तिलाच विचारलें, "पुढें काय करणार?" ती विज्ञान शाखेला जाऊन अभियांत्रिकीचा विचार करीत होती. मग मीं त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी कीं, नागपूरची महाज्योती ही संस्था इतर मागास वर्ग, विमुक्त जाति, भटक्या जमाति व विशेष मागास प्रवर्ग यांतील विद्यार्थ्यांना दहावीनंतर जेईई, नीट व एमएचटी-सीईटी यांच्या तयारीसाठीं टॅबलेट व इंटरनेटची सोय देत आली आहे. त्यांची कन्या यांपैकीं एका प्रवर्गांत बसत होती, आणि घरांत कोणालाच या योजनेची गंधवार्ता नव्हती. अर्ज केला म्हणजे मिळतोच असें नाहीं; परंतु जी वस्तु अर्जानें मिळण्याजोगी आहे तिच्यावर भिशीचे पैसे आधींच कां घालावे?

दुसरी गोष्ट, बावीस हजारांत चांगला नवा लॅपटॉप बसत नाहीं हें मीं स्पष्ट सांगितलें. पण कचेऱ्यांतून बदलून निघालेला, ओळखीच्या दुकानांतला, लेखी हमी असलेला जुना लॅपटॉप बसतो. घेतांना प्रत्येक कळ दाबून पाहावी, बिजागरी चार वेळां उघडून मिटावी, आणि बॅटरीवर तासभर दुकानांतच चालवून पाहावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळूं द्यावा. जेईई मेन व एमएचटी-सीईटी या परीक्षा केंद्रांतल्या संगणकासमोर बसून माउस हातांत धरूनच द्यावयाच्या असतात; तो हात आधींपासून बसलेला बरा.

वडील गप्प होते. मुलीनें विचारलें, "सर, टॅब नाहीं मिळाला तर?" मीं म्हटलें, "तर वडिलांच्या मोबाइलवर धडे ऐक, आणि लॅपटॉपवर लिही. उलटें करतां येत नाहीं." आठवीपर्यंतच्या मुलांसाठीं मात्र मी दोन्हींपैकीं कांहींच सुचवीत नाहीं, त्यांना घरांतला मोबाइल व शाळेची संगणक-खोली पुरेशी आहे. आणि ज्यांच्या घरीं वृद्ध आईवडिलांना मोठ्या अक्षरांत वर्तमानपत्र वाचावयाचें आहे, परगांवच्या नातवाचें तोंड पाहावयाचें आहे, त्यांनीं खुशाल टॅबलेट घ्यावा. त्यांच्यासाठीं त्याहून चांगलें यंत्र नाहीं.

त्या मुलीनें जुना लॅपटॉप घेतला. टॅबलेटचा अर्ज तिनें आमच्याच खोलींत बसून भरला. तो मंजूर झाला कीं नाहीं हें हा लेख छापावयास जाईपर्यंत तिच्याकडून कळलेलें नाहीं.

मीं आपला टॅबलेट व शाळेंतला एक जुना लॅपटॉप शिक्षकांच्या खोलींतील खिडकीजवळच्या मेजावर शेजारीं शेजारीं मांडून ठेवले आहेत. ज्या पालकांना यंदा खरेदी करावयाची आहे त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर मुलाला घेऊन यावें. मुलानें दोन्हींवर मराठीचें एक एक पान लिहावयाचें. घड्याळ मी लावीन.